कबुतरं, वटवाघळं आणि भाषांची लाडकी नावं

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने ग्रीसमधल्या डोडोना इथल्या देवस्थानाची एक कथा नोंदवून ठेवली आहे. इजिप्तमधल्या थीब्जहून दोन काळी कबुतरं उडाली. एक लिबियाला गेलं, दुसरं डोडोनाला येऊन ओकच्या झाडावर बसलं आणि माणसाच्या आवाजात म्हणालं, इथे देवाचं स्थान उभारा. हिरोडोटसला ही कथा जशीच्या तशी पटली नाही. त्याचा तर्क असा की ते कबूतर म्हणजे इजिप्तहून पळवून आणून विकलेली एक स्त्री असणार. ती परकी होती, तिचं बोलणं कुणाला कळत नव्हतं, ते पाखरांच्या कूजनासारखं वाटायचं, म्हणून लोक तिला कबूतर म्हणू लागले. मग काही काळाने कबूतर माणसाच्या आवाजात बोललं. म्हणजे काय झालं? तिचं बोलणं लोकांना कळू लागलं.

याच हिरोडोटसने याच ग्रंथात पुढे आफ्रिकेतल्या गुहांत राहणाऱ्या एका जमातीबद्दल लिहिलं आहे की त्यांची भाषा दुसऱ्या कुठल्याच भाषेसारखी नाही, ते वटवाघळांसारखे चिरकतात. त्या जमातीचं बोलणं समजू लागल्याची कथा मात्र त्याच्याकडे नाही, त्यामुळे ती माणसं अडीच हजार वर्षं वटवाघळंच राहिली.

भाषांना त्यांच्या नादावरून दिलेल्या काव्यमय नावांचा विषय निघाला की मला ही दोन पाखरं आठवतात. तेलुगू म्हणजे पूर्वेची इटालियन. युक्रेनी म्हणजे बुलबुलाची भाषा. वेल्श म्हणजे स्वर्गाची भाषा. फारसी म्हणजे साखर. उर्दू गोड, बंगाली सगळ्यांत गोड, जर्मन कडक, आणि आपली मराठी रांगडी. ही नावं आपण कौतुकाने घेतो, मुलांना शिकवतो, भाषणांत वापरतो. मला त्यांच्याबद्दल एक गंभीर तक्रार आहे. ही नावं भाषेबद्दल फारसं काही सांगत नाहीत. ती ऐकणाऱ्याच्या कानाबद्दल आणि त्याच्या सत्तेबद्दल सांगतात. आणि एकदा चिकटली की ती भाषेला एका खोलीत बसवून ठेवतात. नाव कडू असलं की हे आपल्या लगेच लक्षात येतं. नाव गोड असलं की येत नाही, म्हणून गोड नावांबद्दलच जास्त बोलायला हवं.

आधी कडू नावं. ग्रीकांनी परक्यांना 'बार्बारोस' म्हटलं, कारण त्यांचं बोलणं 'बर-बर' असं ऐकू यायचं. होमरच्या इलियडमध्ये कॅरियन लोकांना बर्बर बोलणारे असं विशेषण आहे. तिथे अजून तो फक्त आवाजाचा शेरा आहे. रानटी हा अर्थ पुढे चिकटला. आपल्याकडचा 'बर्बर' हा शब्दही त्याच आवाजाचा आहे, आणि उत्तर आफ्रिकेतल्या एका मोठ्या समाजाला जग अजून बर्बर म्हणूनच ओळखतं, जरी ते स्वतःला अमाझिग म्हणवतात. स्लाव लोकांनी शेजारच्या जर्मनांना जे नाव दिलं त्याचा अर्थ मुके असा होतो, आणि अनेक स्लाव भाषांत जर्मन माणसाला आजही तेच नाव आहे. अरबांनी ज्यांचं बोलणं कळत नाही त्यांना 'अजम' म्हटलं आणि तो शब्द मुख्यतः इराण्यांवर बसला. ज्या फारसीला पुढे साखर म्हणायचं होतं, ती बोलणारी माणसं शेजाऱ्याच्या कानाला अडखळणारी वाटत होती.

आपला 'म्लेच्छ' शब्द तर थेट उच्चारातून आला आहे. पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीलाच, व्याकरण का शिकायचं हे सांगताना, असुरांचा दाखला दिला आहे. असुरांना 'हे अरयः', म्हणजे 'अरे शत्रूंनो', असं ओरडायचं होतं. ते ओरडले 'हेलयो हेलयः', आणि त्यांचा पराभव झाला. म्हणून ब्राह्मणाने म्लेच्छपणा करू नये, अपशब्द बोलू नये. र च्या जागी ल आला, एवढाच गुन्हा. हा फरक बोलीभेदाचा आहे. अशोकाच्या पूर्वेकडच्या शिलालेखांत राजासाठी 'लाजा' असंच कोरलेलं आहे. त्या लाजाचं साम्राज्य केवढं होतं हे वेगळं सांगायला नको.

आता गोड नावाकडे वळतो, आणि त्यासाठी घरचंच उदाहरण घेतो, कारण ते मला सर्वांत जवळचं आहे.

इसवी सन ९०० च्या सुमाराला राजशेखराने 'कर्पूरमंजरी' हे नाटक संपूर्ण प्राकृतात लिहिलं. संस्कृत सोडून प्राकृत का, याचं उत्तर त्याने प्रस्तावनेतच दिलं: संस्कृतातली रचना परुष असते आणि प्राकृतातली सुकुमार, पुरुष आणि स्त्री यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच या दोघींत. ज्या प्राकृतात तेव्हा पद्य लिहिलं जाई, ती महाराष्ट्री. काव्यशास्त्रकार दंडीने तिलाच प्राकृतांमधली श्रेष्ठ म्हटलं होतं. संस्कृत नाटकांतल्या नायिका बोलायच्या शौरसेनी या दुसऱ्या प्राकृतात, पण गाणं आलं की महाराष्ट्रीत गायच्या. म्हणजे रांगडी, राकट, आडदांड अशी जिची आपण छाती फुगवून ओळख करून देतो, त्या मराठीची पूर्वज भारतातली सर्वांत नाजूक गळ्याची भाषा समजली जात होती.

हे नाजूकपण कशात होतं, हे नेमकं सांगता येतं. महाराष्ट्रीत दोन स्वरांच्या मध्ये आलेली क, ग, च, ज, त, द ही व्यंजनं बहुधा गळून पडत. नगरचं होई 'णअर', लोकचं 'लोअ', हृदयचं 'हिअअ'. प्राकृत या शब्दाचंच 'पाउअ'. व्यंजनांचे खडे वेचून टाकले आणि नुसते स्वर वाहू लागले. याची किंमतही होती. 'कइ' म्हणजे कवी, आणि 'कइ' म्हणजे कपीसुद्धा. 'सुअ' म्हणजे सुत, शुक, श्रुत, काहीही. संदर्भ पाहून ओळखायचं.

मी काही वर्षं प्राकृताचे प्राथमिक वर्ग घेतले. पहिल्याच तासाला हे सगळं कौतुकाने सांगितलं, सुकुमार भाषा, गाण्याची भाषा, आणि फळ्यावर 'हिअअ' लिहून सगळ्यांना म्हणायला लावलं. हि-अ-अ. वर्ग एकदम म्हणायला गेला आणि अडकला. जिभेला धरायला मध्ये काही नाहीच. पहिल्या 'अ'वरून दुसऱ्या 'अ'वर जायचं कसं? कुणी दोन्ही एकत्र करून 'आ' म्हणत होतं, कुणी मध्ये नकळत 'य' घालत होतं. (जैन लेखकांनी नेमकी तीच सोय केली होती; त्यांच्या प्राकृतात तिथे हलका 'य' येतो.) दोन-तीन वेळा झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली, "सर, पण हे बोबडं वाटतं हो. लहान मुलाला ग आणि द येत नाहीत तसं."

मला उत्तर सुचलं नाही. घरी जाताना लक्षात आलं की तिने जे ऐकलं तेच पतंजलीने असुरांच्या तोंडून ऐकलं होतं: नीट उच्चार न येणं. आणि राजशेखराने त्याच गळलेल्या व्यंजनांत सुकुमारता ऐकली. आवाज एक, आणि ऐकणाऱ्यांनी त्याला दिलेली नावं दोन.

त्याच प्राकृतांच्या घराण्यातल्या आणखी एका बहिणीचं नाव तर आवाजाच्याही पलीकडे गेलं: पैशाची, पिशाच्चांची भाषा. भूतभाषा असंही म्हणत. गुणाढ्याचा बृहत्कथा हा कथाग्रंथ या भाषेत होता असं परंपरा सांगते. हेमचंद्र या व्याकरणकाराने बाराव्या शतकात तिचे नियम दिले आहेत. मदनचं 'मतन', दामोदरचं 'तामोतर'. तिच्या चूलिका या प्रकारात नगरचं 'नकर', राजाचं 'राचा', मेघचं 'मेख'. एकच शब्द एका बहिणीने 'णअर' केला, दुसरीने 'नकर'. एकीने मधला ग टाकून दिला, दुसरीने तो घट्ट केला. दोन्ही बदल जगातल्या शेकडो भाषांत झालेले आहेत, दोन्ही तितकेच साधे आहेत. पण पहिलीला सुकुमार म्हणून नाटकात गायला बसवलं आणि दुसरीला भुतांच्या ताब्यात दिलं. आज महाराष्ट्रीतली गाथा सप्तशती आपल्या हातात आहे आणि मूळ बृहत्कथेची एक प्रतही नाही. नावामुळेच ती गेली असा दावा मी करणार नाही. पण भुतांची म्हणून ओळखली जाणारी भाषा नकलून ठेवायला कोण बसलं असतं, हा विचार मनातून जात नाही.

तेलुगूला 'पूर्वेची इटालियन' म्हणतात, ते तिचे शब्द स्वरान्त असतात म्हणून. निरीक्षण खरं आहे. तेलुगू लोक स्वतःही आपली भाषा अजन्त, म्हणजे अच्‌ने, म्हणजे स्वराने संपणारी, असं अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान मला समजतो. पण तुलनेची दिशा पाहा. २०११ च्या जनगणनेत तेलुगू मातृभाषकांची संख्या ८ कोटींच्या वर होती. इटालियन मातृभाषकांपेक्षा ती जास्त आहे. तरीही इटालियनला कुणी पश्चिमेची तेलुगू म्हटलेलं नाही. माप कुणाच्या हातात आहे ते इथे दिसतं. शिवाय स्वरान्तपणाच गोडव्याचं कारण असेल, तर जपानी, योरुबा, स्वाहिली यांचेही शब्द बहुतेक स्वरांनीच संपतात. त्यांना हे पद मिळालं नाही, कारण युरोपातल्या ऑपेराच्या रंगमंचाशी इटालियनचं जे नातं होतं ते त्यांचं नव्हतं. लोकांनी आधी ऑपेरा ऐकला आणि मग स्वर मोजले.

जर्मनचं उलट झालं. जगातल्या सर्वांत ओळखीच्या अंगाईगीतांपैकी एक, ब्राम्सचं, जर्मन आहे. शूबर्टची सहाशेच्या वर गाणी जर्मन आहेत. पण बाहेरच्या जगाच्या कानात विसाव्या शतकातली सभांमधली आरडाओरड आणि युद्धपटांतले हुकूम बसले, आणि भाषा कडक ठरली. पवित्र रोमन सम्राट आणि स्पेनचा राजा असलेला पाचवा कार्ल याच्या नावावर एक वाक्य खपतं, की देवाशी स्पॅनिश बोलावी, स्त्रियांशी इटालियन, पुरुषांशी फ्रेंच आणि घोड्याशी जर्मन. तो १५५८ मध्ये वारला आणि हे वाक्य कागदावर दिसतं ते त्यानंतर काही दशकांनी, दर वेळी भाषांची अदलाबदल होऊन. सांगणारा कुठला आहे त्यावर घोडा कुणाच्या वाट्याला येणार हे ठरतं. अठराव्या शतकात रशियाच्या लोमोनोसोव्हने आपल्या व्याकरणाच्या अर्पणपत्रिकेत हेच वाक्य घेतलं आणि म्हटलं, की या राजाला रशियन येत असती तर तिच्यात स्पॅनिशचं वैभव, फ्रेंचचा जिवंतपणा, जर्मनचं बळ आणि इटालियनची कोमलता सगळंच सापडलं असतं. स्वतःच्या भाषेबद्दल असं वाटणं रास्त आहे. आपल्या भाषेत आपण देवाशी, बायकोशी, शेजाऱ्याशी आणि घोड्याशीही बोलतो.

हे सगळं झालं तर्काने. कुणी कधी मोजून पाहिलं का? पाहिलं आहे. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ग्रीक अजिबात न येणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना अथेन्सची प्रमाण ग्रीक आणि क्रीट बेटाची बोली ऐकवली. ग्रीसमध्ये पहिली रुबाबदार समजतात आणि दुसरी गावठी. ब्रिटिश कानांना तसा काहीच फरक लागला नाही. २०२३ मध्ये त्याहून फार मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाच चित्रपटाच्या २२८ भाषांमधल्या आवृत्त्यांतले तुकडे ८२० जणांना ऐकवले. ऐकणारे इंग्रजी, चिनी आणि सेमिटिक भाषा बोलणारे होते. १ ते १०० पैकी गुण द्यायचे होते, आणि जवळजवळ सगळ्या भाषा ३७ ते ४३ च्या चिंचोळ्या पट्टीत आल्या. भाषा ओळखीची वाटली की गुण वाढत. बोलणाऱ्याचा आवाज आवडला की वाढत. त्या चिंचोळ्या पट्टीत सर्वांत वर आली टोक पिसिन, पापुआ न्यू गिनीची भाषा, जिला मोडकी इंग्रजी म्हणून हिणवण्यात पिढ्या गेल्या. हा विजय फार मोठा नाही, फरकच किरकोळ होते. पण ज्या भाषांच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या मध सांडला आहे त्या तिथे कुठे उठून दिसल्या नाहीत, हे लक्षात घ्यायला हवं.

बंगालीबद्दल काही वर्षांपूर्वी एक बातमी पसरली की युनेस्कोने तिला जगातली सर्वांत गोड भाषा जाहीर केलं. युनेस्को भाषांना गोडव्याचे क्रमांक देत नाही. बंगालीला या खोट्या पदकाची गरजही नव्हती. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात या भाषेसाठी तरुणांनी गोळ्या झेलल्या, आणि १९९९ मध्ये युनेस्कोने तोच दिवस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन ठरवला. त्या तरुणांची मागणी बंगालीला गोड म्हणा अशी नव्हती. तिला राज्यभाषा करा अशी होती. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि पुढे जे लिहायचं आहे त्याचं मूळ त्यात आहे.

पण आधी एक आक्षेप. आवाजाचा अर्थाशी काहीच संबंध नाही असं म्हणता येईल का? नाही येणार. 'बूबा' आणि 'किकी' असे दोन निरर्थक शब्द देऊन, यातला गोलसर आकार कुठला आणि टोकदार कुठला असं विचारलं, तर वेगवेगळ्या भाषांचे बहुतेक लोक एकच उत्तर देतात. २५ भाषांमध्ये हे तपासलं तेव्हा सुमारे ७२ टक्के उत्तरं जुळली. मराठी माणसाला हे प्रयोगाशिवायही माहीत आहे. गुळगुळीत आणि खरखरीत हे शब्द उच्चारतानाच हाताखालचा पृष्ठभाग बदलतो. लुसलुशीत, कडाड, रिमझिम, ठणठणीत. मराठीचं अर्धं वैभव या नादशब्दांत आहे. म्हणून शब्दाला नाद असतो हे मी आनंदाने मान्य करतो. शब्दाला असतो, ओळीला असतो, एखाद्या माणसाच्या बोलण्याला असतो. अख्ख्या भाषेला एकच एक नाद असतो, हे मान्य नाही. जिच्यात लुसलुशीत आणि कडाड दोन्ही म्हणावं लागतं, तिला मऊ म्हणणार की कडक?

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, कारण तो प्रेमाचा आहे. आपल्या भाषेला आईचे लाड मिळालेच पाहिजेत, त्यात कुणाचं काय जातं? मैथिली कवी विद्यापती म्हणून गेले, 'देसिल बअना सब जन मिट्ठा', आपल्या देशीची बोली सगळ्यांनाच गोड. या ओळीत त्यांनी आपल्या भाषेला दुसऱ्या कुठल्या भाषेच्या वर चढवलेलं नाही. सब जन, प्रत्येकाला आपापली. मला वाटतं, गोडव्याबद्दल इतकं न्याय्य वाक्य दुसरं नसेल.

आणि परक्याने केलेली स्तुतीही सगळी सारखी नसते. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. 'जैसी पुष्पांमाजी पुष्प मोगरी, कि परिमळांमाजी कस्तुरी, तैसी भाषांमाजी साजिरी, मराठिया' ही ओळ आपण प्रत्येक मराठी दिनाला म्हणतो. म्हणताना एक गोष्ट सुटते. ही ओळ ज्या क्रिस्तपुराणात आहे, त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, आणि त्या सगळ्या या माणसाने मराठीत रचल्या. मोगरीचा वास त्याने कुंपणाबाहेर उभं राहून घेतला नव्हता. त्या भाषेत त्याने सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंत सगळं सांगितलं, शंका घेणाऱ्यांना उत्तरं दिली, श्रोत्यांना बसवून ठेवलं. त्याच्या तोंडी मोगरी शोभते. बंदरावर चार दिवस उतरून, शब्द न कळता, 'किती संगीतमय' म्हणून निघून जाणाऱ्याच्या तोंडी नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्यावर येतो. भाषेला गोड म्हणणं आणि तिला कामावरून काढणं या दोन गोष्टी कित्येकदा हातात हात घालून चालतात.

वेल्शला तिचे लोक स्वर्गाची भाषा म्हणतात. १८४७ मध्ये वेल्समधल्या शिक्षणाचा सरकारी अहवाल आला. तो लिहिणाऱ्या तिघा आयुक्तांपैकी एकालाही वेल्श येत नव्हती. अहवालात म्हटलं होतं की ही जुनाट शेतीची, धर्मचर्चेची आणि साध्या ग्रामीण आयुष्याची भाषा आहे, आणि तीच लोकांना मागे ठेवते आहे. प्रार्थनेला चालेल, व्यवहाराला नाही. त्या काळात कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. स्वर्गाची भाषा बोलल्याची शिक्षा.

युक्रेनीचं तर याहून स्पष्ट आहे. १८६३ मध्ये रशियाचा गृहमंत्री वालुयेव याने आदेश काढला. युक्रेनीतली धार्मिक पुस्तकं, शालेय पुस्तकं, प्राथमिक वाचनाची पुस्तकं छापायला बंदी. ललित साहित्याला परवानगी. ही यादी सावकाश वाचावी अशी आहे. कविता लिहा, मुलाला अक्षर शिकवू नका. बुलबुलाने गावं, एवढंच. तेरा वर्षांनी, १८७६ मध्ये, एम्सच्या फर्मानाने तेही आवळलं. नाटकं बंद, आणि छापील स्वरलिपीखाली युक्रेनी गाण्याचे बोल घालायलाही बंदी. जिला फक्त गाण्यापुरती ठेवली होती तिचं गाणंही मग सहज काढून घेता आलं, कारण तिच्या हातात दुसरं काहीच उरलं नव्हतं.

हिंदीत हाच वाद घरातल्या घरात झाला. एकोणिसाव्या शतकात ब्रज गोड मानली जाई आणि खडी बोली, जिच्यावर आजची हिंदी उभी आहे, ती खडबडीत. १८८० च्या दशकात अयोध्याप्रसाद खत्री खडी बोलीत कविता व्हावी म्हणून झटत होते, तेव्हा ती भाषा काव्याला कोरडी आहे असं जाणकारांचं मत होतं. भारतेंदु हरिश्चंद्रांसारख्या माणसालाही तिच्यातली कविता मनासारखी वाटली नव्हती. पन्नास वर्षांच्या आत सुमित्रानंदन पंत आणि महादेवी वर्मा त्याच कोरड्या भाषेत हिंदीतलं सर्वांत हळवं काव्य लिहून बसले होते. आणि ब्रज? तिचा गोडवा कुणी नाकारला नाही. फक्त वर्तमानपत्र, शाळा, कचेरी खडी बोलीकडे गेली आणि ब्रज भजनात राहिली. गोडवा हा तिच्यासाठी निवृत्तिवेतनासारखा झाला.

मराठीच्या बोलींचंही आपण हेच करतो, आणि ते मला जास्त टोचतं. अमकी बोली गोड हेल काढते, तमकी ठसकेबाज, अमकी ऐकली की हसू येतं. नाटकात विनोदाला एक बोली, भांडणाला दुसरी. पण त्या बोलीत कुणी विज्ञानाचा पाठ समजावला, किंवा बातम्या दिल्या, तर आपल्याला ते अशोभनीय वाटतं. ज्या मुलाने घरी ती बोली ऐकली, त्याला शाळेत पहिल्या दिवशी कळतं की आपलं बोलणं ही एक गंमत आहे. पाठ्यपुस्तकांनी, आकाशवाणी-दूरदर्शननी, भाषाविषयक समित्यांनी बोलींचं वर्णन करताना गोड, रांगडी, लाघवी, कणखर ही विशेषणं सोडून द्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी सांगावं की या बोलीत कुठले शब्द आहेत जे प्रमाण भाषेत नाहीत, तिचं व्याकरण कसं चालतं, ती किती लोक बोलतात आणि शाळेत तिला किती जागा आहे. ही माहिती दिली की मूल आपल्या बोलीबद्दल चार वाक्यं बोलू शकतं. गोड आहे म्हटलं की त्याला हसण्यापलीकडे काही करता येत नाही.

अरबीला तिचे लोक 'द्वादची भाषा' म्हणतात. साध्या ज किंवा द सारख्या वर्णांहून वेगळा असा द्वाद हा एक जड वर्ण, जो दुसऱ्या कुठल्याच भाषेत नाही असा त्यांचा अभिमान. पण आठव्या शतकात अरबीचा व्याकरणकार सिबवैही, जो स्वतः इराणी होता, त्याने या वर्णाचं जे वर्णन केलं, त्यात आवाज जिभेच्या कडेवरून निघतो, आपल्या ल सारखा. स्पॅनिशमध्ये त्याची खूण राहिली आहे: अरबी 'अल-कादी'चं स्पॅनिशमध्ये 'अल्काल्दे' झालं, तो जास्तीचा ल त्या कडेवरच्या आवाजाचा. आज बहुतेक अरब तो वर्ण तसा उच्चारत नाहीत. ज्या नादावरून नाव पडलं तो नाद निघून गेला, भाषा मात्र कायदा, गणित, वैद्यक, कविता सगळं पेलत जगली. नाद टिकला नाही म्हणून तिचं काही अडलं नाही.

ज्ञानदेवांची ओवी आपण नेहमी अर्धी म्हणतो. 'माझा मराठाचि बोलु कौतुकें, परि अमृतातेंहि पैजा जिंके' इथे थांबून टाळ्या घेतो, आणि अर्थ काढतो की मराठी अमृताहून गोड आहे. ओवी पुढे जाते: 'ऐसीं अक्षरें रसिकें, मेळवीन'. मेळवीन. भविष्यकाळ, प्रथमपुरुष. अशी अक्षरं मी जुळवीन. अमृताशी पैज मराठी आपोआप जिंकणार नाही. ती जिंकेल अशी अक्षरं मी कष्टाने एकत्र आणीन, असं ते म्हणत आहेत. आणि हे म्हणताना त्यांच्यासमोर काम कुठलं आहे? संस्कृतातलं तत्त्वज्ञान मराठीत आणायचं. ज्या कामाला मराठी पुरी पडणार नाही असं पंडितांना वाटत होतं, नेमकं ते.

हवाईची भाषा जगाने जितकी गोड म्हटली तितकी क्वचितच दुसरी कुठली. आठ व्यंजनं, पाच स्वर, प्रत्येक अक्षर स्वरान्त. एकोणिसाव्या शतकात या भाषेत राज्यघटना होती, न्यायालयं होती, १८३४ पासून पुढे शंभराच्या आसपास वर्तमानपत्रं निघाली. १८९३ मध्ये राज्य उलथवलं गेलं आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जगाने ही भाषा पर्यटकांसाठीच्या गाण्यांतून ऐकली आणि तिच्या माधुर्याचं कौतुक केलं, आणि त्याच वर्षांत ती बोलणारी मुलं जवळजवळ संपली. १९८४ मध्ये काही पालकांनी आणि शिक्षकांनी बालवाड्या सुरू केल्या. तिथे दिवसभर हवाईच बोलायची. नाव ठेवलं 'पूनाना लेओ', आवाजांचं घरटं. दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, सरकारी शाळांतला तिचा अडसर कायद्याने दूर झाला.

घरट्यातली मुलं मोठी होऊन पुढच्या वर्गांत गेली, तेव्हा गाण्यांतले शब्द पुरेनात. भूमितीला शब्द हवे होते, प्रयोगशाळेला हवे होते. मग शब्द घडवायला समिती बसली. संगणकाला त्यांनी नाव दिलं 'लोलोउइला'. लोलो म्हणजे मेंदू, उइला म्हणजे वीज. कानाला हा शब्द त्या जुन्या गाण्यांतल्या कुठल्याही शब्दाइतकाच मऊ लागतो. पण वर्गात एखादं मूल तो उच्चारतं तेव्हा त्याच्यासमोर एक यंत्र असतं, आणि ते सुरू का होत नाही हे त्याला शिक्षकांना विचारायचं असतं.